पान एकवीस, चौकट दोन

ग्रंथालयाचे अध्यक्ष बालविभागात आले ते दोन बोटांत एक कॉमिक धरून, जणू ते चावेल. मागे कोट धरून त्यांची सहा वर्षांची नात.

"बाई, हे मुलांचं पुस्तक?"

"हो, सर." बालविभाग सांभाळणाऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या.

"काल दुपारी हे वाचता वाचता पोर किंचाळली. मी तिथल्या तिथे हातातून काढून घेतलं. तेव्हापासून टेबलाखाली बसून जेवतेय. राक्षस येईल म्हणते!"

नात तोवर बाईंच्या टेबलाखाली पोहोचलीसुद्धा होती.

समितीचा या खोलीवर आधीपासूनच डोळा होता. मुलं फारशी फिरकत नाहीत, तेव्हा इथे बैठकीची खोली करू, असा ठराव तयार होता. अध्यक्षांची सही तेवढी राहिली होती. आणि बाईंचा तर या खोलीवर जीव. खिडकीतलं कोवळं ऊन रोज सकाळी आधी बुटक्या खुर्च्यांवर येऊन बसायचं, मुलांसाठी जागा धरून ठेवल्यासारखं.

"आठ दिवस देतो," अध्यक्ष म्हणाले. "भीतीदायक चित्र एकही उघडं दिसता कामा नये. दिसलं, की मी सही केलीच समजा."

तळघरातले बाइंडरकाका शेगडी, केटली आणि खळीचं पातेलं घेऊन वर आले. दोनशे बारा कॉमिक्सचा ढीग दोघांच्या मधे. गोष्टी वाचायला सवड कुठली? नुसती चित्रं बघायची आणि पांढरा कागद डकवायचा.

"हा वाघ?" काकांनी विचारलं.

"जांभई देतोय बिचारा."

"जांभईत दात दिसतात, बाई."

"मग डकवा."

"आणि ही आजीबाई?"

"हिचं काय?"

"हातात सुरी आहे."

"अहो, कांदा चिरतेय ती!"

"कांद्याला विचारा."

आजीबाईही झाकल्या गेल्या.

आता ग्रंथालयाचा नियम सतरा असा होता, की पुस्तकात काहीही फेरबदल केला तर त्याची सविस्तर नोंद करावी आणि नोंदवही वाचकांना सहज दिसेल अशी ठेवावी. बाई नियमाला पक्क्या. त्यांनी घोटीव अक्षरात एकेक नोंद केली: 'पान बारा, चौकट तीन: भूत हाडांची बीन वाजवते.' 'पान चौदा, चौकट चार: चेटकीण झाडूवर स्वार.' आठव्या दिवशी वही दोरीनं काउंटरला बांधली आणि त्या निर्धास्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी दोन वेण्यांची एक मुलगी वही चाळताना दिसली. पाचव्या मिनिटाला ती धावत बाहेर गेली आणि सात जणांना घेऊन आली.

"कंटाळवाणं सगळं गाळलंय!" ती सांगत होती. "नुसती मज्जा मज्जा लिहिलीय!"

आठवडा संपेतो रांग जिन्यावर गेली. वही वाचून झाली की मुलं ते कॉमिक मागायची, पांढऱ्या कागदावर बोट ठेवायची आणि आपापलं भूत त्यात बसवायची. अंगणात दोरीवरच्या उड्या सुरू झाल्या:

"पान बारा, चौकट तीन,
भूत वाजवी हाडांची बीन!
पान चौदा, चौकट चार,
चेटकीण झाली झाडूवर स्वार!"

तपासणीला आलेले अध्यक्ष जिन्यावरच थबकले. "अरे वा! एवढी मुलं? कुठलं पुस्तक आलंय?"

पुस्तक कसलं, काउंटरला बांधलेली नोंदवही! त्यांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"बाई! झाकायला सांगितलं होतं, तुम्ही वेचून एकत्र मांडलंत!"

"नियम सतरा, सर."

"कुणी केला असला नियम?"

"तुम्ही, सर."

"मग या नोंदींवर कागद डकवा."

"डकवते. पण त्याचीही नोंद करावी लागेल. दुसऱ्या वहीत."

"आणि ती वही कुठे बांधायची?" काकांनी अगदी निरागसपणे विचारलं.

अध्यक्षांनी खिशातून ठरावाचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. बाईंची नजर खुर्च्यांवर गेली. आज एकही रिकामी नव्हती.

तेवढ्यात आजोबांबरोबर आलेली आणि वहीपाशी टाचा उंचावून उभी असलेली नात अक्षर लावत वाचू लागली, "पान एकवीस, चौकट दोन: राक्षस तोंड उघडतो." ती वळली. "आणि मग, आजोबा?"

"मग काय? संपलं."

"तुम्ही पुस्तक ओढून घेतलंत ना. मग तो मला खातो का?"

अध्यक्षांचं पेन हवेतच राहिलं. पोर इतके दिवस त्या उघड्या जबड्यासमोर एकटीच उभी होती, हे त्यांच्या आता ध्यानात आलं.

"बाई, पान बावीसवर काय आहे?"

बाईंनी नोंद पाहिली आणि ओशाळल्या. "'राक्षसावर हिंसा. हत्यार: पक्कड.' गोष्ट... गोष्ट मी वाचली नाही, सर."

काकांनी केटली शेगडीवर ठेवली. वाफेवर पान धरलं, तसा कागद सायीसारखा सुटून आला.

"इतक्या सहज?" बाई म्हणाल्या.

"खळ पातळच केली होती. तीस वर्षं डकवतोय, बाई. उद्या सोडवायचं सांगणार, हे ठाऊक असतं."

जिन्यावरची रांग आत घुसली. पान बावीसवर राक्षस खुर्चीत बसून ढसाढसा रडत होता आणि एवढासा दातांचा डॉक्टर पक्कडीनं त्याची किडकी दाढ ओढत होता.

नात बघत राहिली. मग खुदकन हसली आणि आपला हलणारा दात जिभेनं पुढे ढकलून आजोबांना दाखवला. "याचाही दुखतो!"

अध्यक्षांचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला. महिनाभर ते डॉक्टरांकडे जायचं टाळत होते.

"काका," ते खाकरले, "केटलीत पाणी भरपूर आहे ना? दोनशे अकरा राहिलीत." मग बाईंकडे वळून, "पण लहानग्यांशेजारी कुणीतरी मोठं माणूस बसलं पाहिजे. निदान पान उलटेपर्यंत."

"सर, ठराव?"

त्यांनी ठरावाचा कागद घडी करून वाफेपाशी पुस्तकाखाली टेकू म्हणून सरकवला. पेन उघडंच होतं. नोंदवही ओढून त्यांनी नातीच्या बोटाखालच्या ओळीपुढे आपल्या ठसठशीत अक्षरात भर घातली:

'घाबरू नये. पान उलटावे.'

आणि मुलांनी रिकामी करून दिलेल्या एका बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लावून, ते पान तेवीस वाचायला बसले.