पश्चात्ताप बजेटात बसत नाही

कोरडे हवालदारांच्या स्वयंपाकघराचं छत गळत होतं. वरच्या मजल्यावरच्या कंत्राटदाराने बाथरूम नवं करून घेतलं, तेव्हापासून तो अंघोळ करी तिकडे आणि थेंब पडत यांच्या ओट्यावर. हवालदारांनी विनंती करून पाहिली, अर्ज देऊन पाहिला, सोसायटीच्या सभेत विषय मांडून पाहिला. कंत्राटदार दरवेळी हसून म्हणे, "करू की काका, कुठे पळून चाललोय?" शेवटी हवालदारांच्या बायकोने ओट्यावर पातेल्याची जागाच ठरवून टाकली. पाहुणे आले की ती पातेल्यात फडकं टाकी, म्हणजे निदान आवाज येत नसे.

कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. सगळं ठाणं वरकमाईत भिजत असताना हा एक माणूस सबंध नोकरीत कोरडा राहिला, म्हणून सोबत्यांनी चेष्टेने ठेवलेलं ते नाव. पुढे नवे लोक ते आडनावच समजायला लागले, आणि निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेल्या घड्याळावर तेच छापून आलं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. नाव मात्र चालू राहिलं, आणि हवालदारांना त्याचा मनातून अभिमान होता. आयुष्यभरात त्यांनी कमावलेली ती एकच वस्तू होती.

अशा या घरी एका सकाळी एक दाढीवाला तरुण आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "काका, तुमच्याकडे स्वतःचा गणवेश आहे असं कळलं."

हा तरुण लग्नांचे व्हिडिओ काढता काढता सिनेमाकडे वळला होता. पोलिसांतल्या भ्रष्टाचारावर तो एक मारधाडीचा थरारपट काढत होता, नाव 'हप्त्याचा मुडदा'. पैसा एका फरशीच्या व्यापाऱ्याचा होता, म्हणून लाचखोर इन्स्पेक्टरचं काम तो व्यापारीच करत होता. पिस्तूल एकच होतं. नायक आणि खलनायक एकमेकांवर रोखून उभे राहत तेव्हा ते आधी एकाच्या हातात देऊन चित्रण होई, मग दुसऱ्याच्या. पोलिसांची जीप एकाच बाजूने रंगवलेली होती, त्यामुळे सगळे पाठलाग एकाच दिशेने चालत. भाड्याच्या गणवेशाला मात्र खरोखरच पैसे उरले नव्हते.

"काम कसलं आहे?" हवालदारांनी विचारलं.

"हवालदाराचंच."

"सिनेमा लाचखोरीच्या विरुद्ध आहे ना?"

"कडक विरुद्ध आहे, काका."

हवालदारांना राहवेना. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आता पडद्यावरून बोलता येईल, असं त्यांना वाटलं. बायकोने ट्रंकेतून गणवेश काढून इस्त्री केला. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, एवढी एक गोष्ट सोडली तर माणूस तोच होता.

रस्त्यावर पोचल्यावर कळलं की ट्रक अडवून लाच घेणारा हवालदार म्हणजे आपणच. ते तडक घरी निघाले. दिग्दर्शकाने धावत जाऊन त्यांना गाठलं.

"काका, पुढचं ऐका तरी. शेवटी या हवालदाराला पश्चात्ताप होतो. भर चौकात तो टोपी काढून भाषण करतो. दोन पानी भाषण आहे, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता."

भाषण म्हटल्यावर हवालदार वळले. मोहात पडणारा माणूस नेहमी पैशानेच पडतो असं थोडंच आहे?

चित्रणाची परवानगी कुणाकडून घेतलेली नव्हती, म्हणून कॅमेरा एका टेम्पोत पडद्याआड लपवला होता. हवालदारांची बायको त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती. तिला टेम्पोत बसवून पडद्याचं टोक धरायला लावलं. ट्रक खरा होता आणि ट्रकवालाही खराच.

पण लाच काही जमेना. पहिल्यांदा हवालदारांनी दोन्ही हात पुढे केले, शाळेत बक्षीस घेतात तसे. दुसऱ्यांदा नोट घेतली आणि "आभारी आहे" म्हणाले. मग एकदा तर त्यांनी सवयीने पावतीपुस्तकासाठी खिसा चाचपला. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. शेवटी ट्रकवाल्यालाच दया आली.

"साहेब, तुम्ही काहीच करू नका," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे बघू नका, नोटेकडे बघू नका. समोरच्या खांबाकडे बघा आणि हात नुसता लोंबू द्या. बाकीचं आम्हाला येतं."

हवालदारांनी खांबाकडे पाहिलं. नोट मुठीत आली, मूठ खिशात गेली, ट्रक पुढे सरकला. टेम्पोतून दिग्दर्शक म्हणाला, "कमाल केलीत, काका." बायको पडद्याचं टोक धरून नवऱ्याकडे बघत राहिली होती.

घरी जाताना ती म्हणाली, "किती सोपं होतं, नाही हो?"

"अगं, ते नाटक होतं."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

आता झालं असं की रस्त्यापलीकडच्या दुकानातून कुणीतरी हा प्रकार मोबाइलमध्ये टिपला. त्यात ट्रक होता, गणवेश होता, मूठ होती आणि खांबाकडे पाहणारा चेहरा होता. कॅमेरा तेवढा नव्हता, आणि तारीखही नव्हती, त्यामुळे हा नोकरीतलाच जुना प्रकार असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ सोसायटीतल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. हवालदारांना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उद्यापासून जिना कसा उतरायचा, या विचाराने त्यांना झोप लागली नाही.

सकाळी दारावरची घंटा वाजली. बाहेर कंत्राटदार उभा होता, सोबत गवंडी आणि सिमेंटची पिशवी.

"काका, आज तुमचं छत करूनच टाकू," तो म्हणाला. "अहो, आधी सांगायचं ना."

"तीन वर्षं सांगतोय मी."

"गळतंय ते नाही हो. तुम्ही कोण आहात ते."

हवालदार आपण कोण आहोत ते सांगायला लागले, पण गवंड्याच्या ठोक्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. किराणावाल्याने त्या दिवशी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. समोरच्या फ्लॅटमधली बाई, जी हवालदारणीशी आजवर फक्त कचऱ्याच्या डब्यावरून बोलली होती, ती "वहिनी, बसायला येऊ का?" म्हणून आली आणि तासभर बसली. संध्याकाळी परगावी राहणाऱ्या मुलाचा फोन आला. या मुलाने नोकरीच्या वेळी बापाला एक शब्द टाकायला सांगितला होता, आणि बापाने तो टाकला नव्हता. तेव्हापासून फोन नेमाने महिन्यातून एकदा येई आणि हवापाण्यावर संपे.

"बाबा, मी रागावलेलो नाही," मुलगा मायेने म्हणाला. "उलट बरं वाटलं. सासरी माझी मान वर झाली. फक्त एवढंच सांगा, कुठे ठेवलंय?"

"काय ठेवलंय?"

"फोनवर नको म्हणता? बरं, मी येतो."

मग ठाण्यातून बोलावणं आलं. हवालदारांना उलट हायसं वाटलं. चौकशी होईल, दूध का दूध होईल. धुतलेला शर्ट घालून ते साहेबांसमोर उभे राहिले, आणि साहेबांनी चक्क त्यांच्यासाठी चहा मागवला.

"साहेब, ती लाच नव्हती. सिनेमातलं दृश्य होतं."

साहेब कौतुकाने बघत राहिले. "वा. हे छान आहे. आमचे लोक पकडले गेले की तेच ते सांगतात, उसने पैसे परत घेत होतो म्हणून. सिनेमा कुणाला सुचला नव्हता."

"पण साहेब, खरंच सिनेमा होता."

"हेच सांगत राहायचं. असंच, डोळ्यांत पाणी आणून. मीही तेच लिहून फाइल बंद करतो," साहेब म्हणाले आणि उठून त्यांना दारापर्यंत सोडायला आले. "आम्ही उगाच तुम्हाला परका समजत होतो हो. माणूस शेवटी आपलाच निघाला."

सबंध नोकरीत कुठल्या साहेबाने त्यांना दारापर्यंत सोडलं नव्हतं. हवालदार पायऱ्या उतरले. खरं बोलून माणूस सुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण खरं बोलून माणूस लबाड ठरतो, हे त्यांनी नोकरीत इतकं पाहूनही पाहिलं नव्हतं.

आता एकच आशा होती, ते भाषण. ते दिग्दर्शकाकडे गेले तर तो सामान बांधत होता.

"फरशीवाले शेठ बाहेर पडले, काका. सिनेमा बंद."

"आणि माझा पश्चात्ताप?"

"पश्चात्ताप बजेटात बसत नाही, काका."

"मग लाच तेवढी राहिली?"

"ती झाली होती ना शूट करून," दिग्दर्शक अपराधी चेहऱ्याने म्हणाला.

"निदान चार लोकांत येऊन सांग, की हे चित्रण होतं."

"विनापरवाना चित्रण होतं, काका. आधी मलाच आत टाकतील. कुणी विचारलं तर मी त्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरवर होतो."

रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. पाण्याच्या जोडणीचं काम सरकारी कचेरीत कधीचं अडकून पडलं होतं. अध्यक्षांनी घसा खाकरून सांगितलं, "आपल्याला खजिनदार हवा तो देणंघेणं जाणणारा. असा माणूस आपल्यातच होता, पण आपण ओळखला नाही. मी कोरडेसाहेबांचं नाव सुचवतो." टाळ्या पडल्या. मागे याच खजिनदारपदासाठी हवालदार उभे राहिले होते, तेव्हा "फार सरळ आहेत, काम अडेल" म्हणून लोकांनी त्यांना पाडलं होतं.

हवालदार उठले. टोपी नव्हती, चौक नव्हता, पण भाषण पाठ केलेलं होतं. ऐन वेळी त्यातलं त्यांना एकही वाक्य आठवलं नाही.

"मी लाच घेतलेली नाही," ते म्हणाले. "कधीच नाही. ते सिनेमाचं चित्रण होतं. कुणाला पटत नसेल तर हिला विचारा. ही तिथे होती. हिने डोळ्यांनी पाहिलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. हवालदारांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. दर सभेला ती मागे जिन्याजवळ उभी असे. आज समोरच्या फ्लॅटमधल्या बाईने आपल्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी पुसून दिली होती. तिने पदर सारखा केला, नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मग समोरच्या भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे नजर लावली.

"मी कुठे गेले होते?" ती म्हणाली. "मी तर घरी होते."

लोक समजुतीने हसले. ठराव एकमताने मंजूर झाला.

घरात आल्यावर दार लावून ते म्हणाले, "तू असं का केलंस?"

बायकोने पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"इतकी वर्षं तुमच्या खरेपणाची साक्ष मीच देत आले," ती म्हणाली. "दोन साड्यांत दिली, मुलाची बोलणी खाऊन दिली, या पातेल्याने दिली. एका माणसाने तरी मानली? आज एकदाच खोटी दिली, ती सगळ्यांनी मानली. मला खुर्ची दिली हो त्यांनी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हवालदारांनी सहन केला असता. त्यांनी वर पाहिलं. छताला नवीन सिमेंट बसलं होतं आणि कुठे ओल दिसत नव्हती. वर कंत्राटदाराचा नळ चालू असल्याचा आवाज येत होता. बायकोने ओट्यावरचं पातेलं उचललं, पुसलं आणि फळीवर ठेवून दिलं.

"अगं, पण मी खरंच घेतली नव्हती," हवालदार म्हणाले. निदान हे एवढं तरी या घरात कुणीतरी कबूल करायला हवं होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि जाऊन तिने खिडकी लावून घेतली. "हळू बोला. कुणी ऐकेल."