ओटा रिकामा ठेवण्याबाबत

मुलुंडमधली आमची गल्ली ऐतिहासिक आहे, हे गल्लीतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. ते मी रीतसर अर्ज करून सर्वांच्या निदर्शनास आणून दिलं. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं मी लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहिली. निवृत्त झाल्यावर उत्तर मागणारं कुणी उरलं नाही, तेव्हा स्वतःच अर्ज लिहायला लागलो. गल्ली मला अण्णा म्हणते. घरात सौ. माधुरी काय म्हणते, ते इथे नको.

निमित्त झालं रस्ता रुंदीकरणाचं. गल्ली दोन्ही बाजूंनी चार-चार फूट कापणार, अशी नोटीस लागली. त्या चार फुटांत माझ्या दोन कुंड्या जात होत्या आणि नलिनीचा अख्खा ओटा. नलिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या दगडी ओट्यावर सुकी मासळी विकणारी. तिच्याआधी तिथे तिची सासू बसायची, सासूच्या आधी आजेसासू. माणसं मूळची मालवणकडची. नलिनीचं घर त्या ओट्यावर चालतं.

"अण्णानू, ओटो गेलो तर मी बसू खंय?" तिने विचारलं.

"कोण नेतोय ओटा? मी आहे ना!" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात तीनदा उच्चारलंय. आधीच्या दोन वेळा काय झालं, ते माधुरीला विचारा.

वारसा म्हणून जाहीर झालेल्या रस्त्याची वीटसुद्धा हलवता येत नाही, असं मी पेपरात वाचलं होतं. लगेच अर्ज ठोकला. सोबत 'गल्लीच्या मूळ स्वरूपाचा पुरावा' जोडायचा होता. ट्रंकेत आजोबांनी १९५८ साली काढलेले फोटो होते. बहुतेकांत माणसांची नुसती खेचाखेच, टोपल्या, कुणाचा तरी हलणारा हात. एक मात्र झकास होता. गल्ली मोकळी, माणूस औषधालाही नाही, उन्हात झोपलेला एक कुत्रा आणि दोरीवर दोन धोतरं. मी तोच निवडला. स्वच्छ कागद आधी मंजूर होतो, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव.

आणि झालं की मंजूर! रुंदीकरण रद्द. नलिनीने घरी बोंबील आणून दिले, पदराने डोळे पुसले. मला 'मानद वारसामित्र' हे पद मिळालं आणि गल्लीच्या तोंडाशी पितळी पाटी लागली : 'छायाचित्रकार कै. यशवंत पाटणकर. पुरावा सौजन्य : त्यांचे नातू.' पाटी बघायला मी दिवसातून चारदा दूध आणायला जाऊ लागलो.

मग जतन आराखडा आला. तो घेऊन आल्या सल्लागार मानसी मॅडम. खादीचा कुर्ता, हातात लॅपटॉप.

"सर, जतन म्हणजे आधारवर्षाकडे परत जाणं," त्या म्हणाल्या. "आपलं आधारवर्ष तुमचा फोटो. फोटोत जे आहे ते राहील. जे नाही ते नंतर शिरलेलं आहे."

मला हे फार पटलं. फोटो माझा होता ना!

प्रथम एसी, डिश आणि शटरं उतरली. मग कुत्र्याचं पद भरण्यात आलं. पहिले तीन उमेदवार सांगितलेल्या जागी झोपून राहीनात, तेव्हा सिमेंटचा कुत्रा बसवला. गल्लीतले खरे कुत्रे त्याच्यावर दिवसभर भुंकतात. तिसऱ्या घरात जिम चालवणारा विशाल राहतो. त्याने रोज दोन धोतरं वाळत घालायची असा आदेश निघाला. ती धुण्याची अट नव्हती. माझी खिडकी फोटोत अर्धी उघडी आहे, म्हणून ती कायम अर्धी उघडी ठेवायची. डासांना अर्धी पुरते.

"अजून एक अर्ज करा," माधुरी पिंडऱ्या खाजवत म्हणाली. "डासांनाही दर्जा मिळेल."

आराखड्याच्या सतराव्या पानावर एक ओळ होती : 'कोपऱ्यावरील दगडी ओटा (रिकामा).' मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"अहो, इथे नलिनी बसते."

"फोटोत नाही बसत, सर," मानसी मॅडम गोड हसल्या. "आणि काळजी नको, त्यांना मानखुर्दला पर्यायी जागा दिलीय. तिसऱ्या मजल्यावर."

सुकी मासळी घ्यायला तिसऱ्या मजल्यावर कोण चढणार, हे विचारायची सोय आराखड्यात नव्हती.

संध्याकाळी नलिनी आली. "अण्णानू, माझी आजेसासू थंयच बसायची. मग ती फोटोत कशी नाय?"

मी मूळ फोटो काढला आणि जन्मात पहिल्यांदा उलटा केला. मागे आजोबांचं अक्षर : 'गणपतीचे दिवस. कोकणवाले सगळे गावी गेलेले. गल्ली रिकामी, म्हणून फोटो चांगला आला.' आम्ही साताऱ्याकडचे. गणपतीत इथेच.

नलिनी आधी हसली, मग तिचा चेहरा पडला. "वर्साचे धा दिस आमी नसतो. तेच दिस गावले तुमका?"

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन मी वारसा कक्षात गेलो. तिथले अधिकारी अंबादास सोनकांबळे. या सगळ्या प्रकरणात सरळ बोललेला तेवढाच एक माणूस.

"मागची बाजू मला बघता येत नाही, अण्णा. नमुन्यात एकाच बाजूची छायाप्रत मागवलीय," ते म्हणाले. "पण हरकतींना तीस दिवस आहेत. पुरावा चुकीच्या दिवसांतला आहे, एवढं तुम्ही लिहून द्या. देणाऱ्याने पुरावा मागे घेतला की ओट्याची ओळ मला काढावीच लागते."

"आणि रुंदीकरण?"

"ते रद्द झालं ते झालं."

"आणि... पाटी?" तोंडातून निघून गेलं.

"कुठली पाटी? अच्छा, ती. पुरावा गेला की पाटी जाईल. पण बाई राहील ना!" त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "इथेच लिहा. दोन ओळी. मी लगेच पोच देतो."

"भाषा जरा बघावी लागेल," मी म्हणालो आणि कागद घडी करून घरी आणला.

पहिल्या मसुद्यात 'चूक' असा शब्द होता. तो फारच उघडा वाटला. दुसऱ्यात 'अनवधान' केलं. चौथ्यात 'ऋतुमानपरत्वे रहिवाशांची तात्पुरती अनुपस्थिती' इथवर पोचलो. रोज सकाळी नलिनी विचारायची, "दिलात?" मी म्हणायचो, "आज-उद्या. मसुदा चाललाय." माधुरी म्हणाली, "अहो, दोन ओळींना किती दिवस? त्या बाईची वाट लागेल!" मी तिला प्रशासकीय भाषेचं महत्त्व समजावून सांगितलं.

मधल्या काळात नलिनीने मुलीच्या हातून स्वतःच हरकत लिहिली. ती आराखडा समितीकडून परत आली. शेरा : 'अर्जदार पुराव्यात आढळून येत नसल्याने संबंधित ठरत नाहीत.' शेऱ्यातली वाक्यरचना उत्तम होती, हे माझ्या मनात आलं. असा मी माणूस.

तिसाव्या दिवशी जुहूच्या एका हॉटेलात वारसामित्रांचा सत्कार होता. सातवा मसुदा सही करून खिशात घेऊनच निघालो. जाता जाता कक्षात देऊ म्हटलं, पण उशीर होत होता. येताना देऊ म्हटलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. माझं नाव पुकारलं तेव्हा सहा वाजले होते. कक्ष पावणेसहाला बंद होतो. मला लाज वाटली. खरंच, फार वाटली. शाल मात्र खांद्यावरून काढवली नाही.

ओटा रिकामा करायला माणसं आली तेव्हा नलिनीने आरडाओरडा केला नाही. टोपली स्वतः उचलली. मी खिडकीच्या उघड्या अर्ध्या भागात उभा होतो, लपायला जागाच नव्हती.

"अण्णानू, तुमी आसात म्हणान मी दुसऱ्या कोणाक सांगूक नाय," ती म्हणाली आणि गेली.

हल्ली दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीत वारसा फेरी निघते. लांबलांबून माणसं येतात. माहिती मीच सांगतो. ओट्यापाशी आलो की सगळं खरंखरं सांगतो : गणपतीचे दिवस, फोटोची मागची बाजू, खिशातला सातवा मसुदा, सगळं. एक अक्षर लपवत नाही. लोकांना हे फार आवडतं. "किती प्रामाणिक आहात हो!" म्हणतात. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. सगळे "अरेरे" म्हणतात. त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत दोन मिनिटं राखून ठेवली आहेत, आणि त्याहून जास्त अजून कुणाला लागलेली नाहीत.

नलिनी मानखुर्दला नेमकी कुठे बसते, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा "अरेरे" म्हणत इथपर्यंत आलात. विचारलंत?