सुमनमावशींचं सांगलीचं इंग्रजी

सुमनमावशी रोज संध्याकाळी साडेसहाला मरायच्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून शिकागोला पीएच.डी.साठी आलो होतो आणि डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, विटांच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये मला खोली मिळाली होती. पहिल्याच आठवड्यात सलग तीन दिवस डोक्यावर धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ बाईचं कण्हणं. चौथ्या दिवशी मी जिना चढून धावत वर गेलो. दार उघडलं ते एका सडपातळ, शांत गृहस्थांनी. त्यांच्या मागे गालिच्यावर एक बाई हातपाय पसरून पडल्या होत्या.

"या," ते म्हणाले. "लेटरबॉक्सवर तुमचं नाव वाचलं होतं. ती मरतेय जरा. चहा घेणार?"

"आलं घाला हो," गालिच्यावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच.

हे मधुकाका आणि या सुमनमावशी. काका एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते, आणि मावशी टेलिव्हिजनवरच्या नटी. त्या आठवड्यात त्यांना हॉस्पिटलच्या मालिकेत एका पेशंटचं काम मिळालं होतं. स्क्रिप्टमध्ये एवढंच होतं की पेशंट कॉरिडॉरमध्ये कोसळते. मावशींनी त्यावर आठ दिवस घालवले. ही बाई कोण, सकाळी काय खाऊन आली असेल, तिला घरी कुणी वाट बघणारं आहे का, आधी कुठला गुडघा जाईल. "माणूस मरतो छातीत," त्या मला समजावून सांगायच्या, "पण पडतो गुडघ्यात." प्रत्यक्षात टीव्हीवर त्यांची फक्त पावलं दिसली. मावशींना त्याचं काही वाटलं नाही. आल्यागेल्याला त्या टेप लावून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पावलं बघ कशी मेलीयत."

या वाटेला त्या लागल्या त्या रागातून. लग्न करून अमेरिकेत आल्यावर बरीच वर्षं त्यांनी घर सांभाळलं, लायब्ररीत नोकरी केली. चाळिशी ओलांडली होती. एका संध्याकाळी टीव्हीवर कुठल्याशा मालिकेत एक भारतीय बाई आली. ती भारतीय नव्हती. तोंडाला तपकिरी रंग फासलेली एक गोरी नटी होती, पदर उजव्या खांद्यावर टाकलेला, आणि दर वाक्याला हात जोडत होती. मावशी उठल्या, टीव्ही बंद केला आणि काकांना म्हणाल्या, "हे काम मी करणार." काकांना वाटलं, टीव्ही दुरुस्तीबद्दल बोलतेय.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मिस हॅडलीच्या क्लासात नाव घातलं. मिस हॅडली ही रंगभूमीवर आयुष्य काढलेली, एकटी राहणारी, छडीसारखी ताठ बाई. एका चर्चच्या तळघरात ती अभिनय शिकवायची. क्लासात बाकी सगळे विशी-बाविशीतले. मावशी सांगलीच्या कॉलेजात नाटकातून काम करत आणि बक्षिसं आणत, पण मिस हॅडलीला सांगलीशी देणंघेणं नव्हतं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की अभिनय नंतर बघू, आधी हा ॲक्सेंट काढायचा.

आपल्या जिभेला 'व' एकच. इंग्रजीतले दोन, व्ही आणि डब्ल्यू, वेगळे करण्यासाठी मिस हॅडलीनं मावशींच्या तोंडासमोर पेटती मेणबत्ती धरली. ओठांचा चंबू करून शब्द असा म्हणायचा की ज्योत हलली पाहिजे. मावशींनी घरी येऊन शेकडो मेणबत्त्या हलवल्या. वर्षभरात त्या असं अमेरिकन बोलायला लागल्या की फोनवर त्यांचा आवाज ऐकून मी एकदा राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता. आणि मग, सगळं शिकून झाल्यावर, त्यांनी मिस हॅडलीला सांगितलं की हे मी ऑडिशनला वापरणार नाही.

"येतं मला," त्या म्हणाल्या. "पण देणार नाही. मी बोलले की सांगली ऐकू आली पाहिजे."

मिस हॅडली चिडली. तुला कधीही काम मिळणार नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं. मावशींनी तिला सांगितलं, बघाच. त्यानंतर दोघी सात वर्षं भांडत होत्या. दर शनिवारी मावशी क्लासला जायच्या, भांडायच्या आणि तरतरीत होऊन परत यायच्या.

कामं मिळाली, पण कशी? दुकानातली बाई. बसस्टॉपवरची बाई. भविष्य सांगणारी बाई. एकीलाही नाव नसायचं. तरी मावशी त्यांना नाव द्यायच्या, माहेर द्यायच्या, एकीला तर दम्याचा आजार दिला होता.

एका पोलीसकथेत त्यांना किराणा दुकानदारीण मिळाली. शूटिंग आमच्याच भागात रस्त्यावर होतं, म्हणून मीही लॅब सोडून बघायला गेलो. दुकानासमोर खून होतो आणि पोलीस हिला विचारतात, एवढाच प्रसंग. स्क्रिप्टमध्ये हिनं हात नाचवत, रडत, मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचं होतं. मावशींनी हात खाली ठेवले आणि साध्या, स्वच्छ, सांगलीच्या इंग्रजीत सांगितलं की मी त्याचा चेहरा पाहिला आणि मी ओळखू शकते. डायरेक्टरनं थांबवलं. पुन्हा घेतलं. मावशींनी पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा डायरेक्टर जवळ आला आणि मोठ्यानं म्हणाला की तुला लिहिलेलं वाचता येत नाही का?

मावशींनी दुकानाच्या दारातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. त्यांनी त्याला विचारलं की ही बाई रोज शंभर गिऱ्हाइकांशी बोलते, पुरवठादारांशी भांडते, मग खून बघितल्यावरच तिचं इंग्रजी का मोडेल? डायरेक्टर म्हणाला, दुसरी बाई बोलावतो. मावशी म्हणाल्या, बोलवा, मी बसलेय. ऊन उतरत चाललं होतं. सगळं युनिट घड्याळाकडे आणि आभाळाकडे बघत होतं. मधुकाका गाडीजवळ उभे होते. त्यांनी हळूच येऊन मावशींच्या हातात पाण्याचा थर्मास दिला आणि परत जाऊन उभे राहिले. शेवटी डायरेक्टरनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हिला हवं तसं घ्या म्हणून सांगितलं.

ते अकरा सेकंद टीव्हीवर लागले त्या दिवशी मावशींनी अर्धं महाराष्ट्र मंडळ घरी बोलावलं होतं. बटाटेवडे होते. सीन संपल्यावर मंडळाच्या एका काकूंनी विचारलं, "एवढंच?" शिवाय इतकी शिकलेली बाई नेहमी कामवाल्या नि दुकानवाल्याच का करते, असंही त्या म्हणाल्या. मावशींनी त्यांच्या बशीत आणखी एक वडा वाढला. "तुमच्या आईला कुणी भेटायला आलं तर ती किती वेळ बोलायची?" त्यांनी विचारलं. "दोन वाक्यं बोलून आतच जायची ना? म्हणून काय ती नव्हती?" काकूंनी वडा उचलला.

पुढच्या हिवाळ्यात मावशींच्या एजंटचा फोन आला. लॉस एंजेलिसला नवी मालिका होणार होती. डॉक्टरीण, दर आठवड्याला, आणि तिला नाव होतं. तिथे जाऊन काही महिने राहावं लागणार होतं. मला वाटलं, मावशी आता बिल्डिंग डोक्यावर घेतील. त्यांनी नाही म्हणून कळवलं. मंडळात विचारलं तर म्हणाल्या, रोल भिकार होता. लोक मागे बोलायला लागले की बाई घाबरली, मोठं काम झेपलं नसतं. हे मावशींच्या कानावर आलं. एरवी त्यांनी एकेकाला धारेवर धरलं असतं, या वेळी ऐकून सोडून दिलं.

मग एका शनिवारी काकांना ताप होता, म्हणून मावशींनी मला गाडी काढायला सांगितली. क्लासला जायचंय, म्हणाल्या. पण रस्ता चर्चचा नव्हता. आम्ही एका नर्सिंग होमपाशी थांबलो. आतल्या खोलीत खिडकीपाशी मिस हॅडली बसली होती. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि तिची वाचा गेली होती. सगळं आयुष्य जिनं दुसऱ्यांच्या जिभा वळवल्या, तिच्या तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. तिचं जवळचं कुणी नव्हतं.

तिथे मेणबत्ती पेटवायला मनाई होती. मावशींनी पर्समधून टिश्यू पेपरची पट्टी काढली, तिच्या ओठांसमोर धरली आणि शब्द म्हणून दाखवला. मिस हॅडलीनं प्रयत्न केला. पट्टी हलली नाही. मावशी पुन्हा म्हणाल्या. तासभर हे चाललं. मिस हॅडली मधेच चिडून पट्टी झटकून टाकायची आणि मावशी खाली वाकून ती उचलायच्या. दर चार दिवसांआड त्या इथे येत होत्या, हे मला नर्सनं सांगितलं.

परतताना मी विचारलं, "मावशी, लॉस एंजेलिसचं कारण हे होय? लोकांना सांगा ना एकदा."

"खबरदार सांगितलंस तर," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटेल मी चांगली बाई आहे. मग मला जन्मभर आईचेच रोल देतील."

आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. घर येईपर्यंत तोंड वळवलं नाही.

ती लॉस एंजेलिसची मालिका थोड्याच आठवड्यांत बंद पडली. मावशींना पुढे शिकागोतच कामं मिळत राहिली, त्या बायकांपैकी दोन-तीन जणींना नावंही होती. मिस हॅडलीला थोडं बोलता यायला लागलं होतं. वसंतात तिला दुसरा झटका आला आणि त्यातून ती उठली नाही.

तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये आम्ही जेमतेम पंधरा जण होतो. पाद्री म्हणाले की कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर पुढे यावं. आम्ही सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मंडळाच्या हळदीकुंकवातसुद्धा माइक हातून न सोडणारी बाई, पण त्या उठल्या नाहीत. पर्स मांडीवर घट्ट धरून समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत बसल्या.

मग मधुकाका उठले. चार माणसांत कधी तोंड न उघडणारा हा माणूस. ते पुढे गेले नाहीत, जागेवरच उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या बायकोला यांनी शिकवलं. ती यांचा एकही शब्द ऐकायची नाही. पण एकही शनिवार तिनं चुकवला नाही."

एवढं बोलून ते खाली बसले. मावशींनी त्यांच्याकडे न बघता त्यांच्या कोटाची बाही धरली आणि प्रार्थना संपून लोक उठले तरी ती सोडली नाही.