बोर्डावरचे तिघे

समोर काचेचं नवं सलून उघडल्यापासून काकांच्या खुर्चीवर गिऱ्हाइकांपेक्षा गल्लीतलं मांजरच जास्त वेळ बसत होतं. काका त्यालाही 'ऊठ' म्हणत नसत. कुणाला दुखवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. 'नाही' हा शब्द नवऱ्याच्या तोंडून निघाल्याचं काकूंना आठवत नव्हतं, आणि लग्न झाल्यापासून त्या कान लावून बसल्या होत्या.

त्यामुळे मेहुण्याचा फोन आला तेव्हा काका अलगद सापडले.

"भाऊजी, किती दिवस माशा मारणार? दुकानाला कुलूप लावा आणि माझ्या गोदामावर या. दारात खुर्ची टाकून बसायचं, आल्यागेल्यावर लक्ष ठेवायचं, बस्स! एक तारखेपासून येताय ना?"

"बघतो," काका म्हणाले.

काकांचं 'बघतो' म्हणजे 'हो' हे मेहुण्याला पक्कं ठाऊक होतं. फोन ठेवून काकांनी कात्री उचलली आणि उगाचच हवेत दोनदा चालवली. वडिलांच्या हाताखाली शिकल्यापासून हा आवाज कानावर पडल्याशिवाय त्यांना दुपारचं जेवण गोड लागत नसे. गोदामाच्या दारात बसून काय, येणाऱ्या ट्रकांची दाढी करायची?

"बाबा, आपला बोर्ड बदलू या," लेक म्हणाली. ती चित्रकलेच्या कॉलेजात होती. "जुन्या बोर्डावरच्या 'सलून'मधलं 'सलू' उडालंय, नुसतं 'न' राहिलंय. आणि समोरच्यांच्या बोर्डावर बघा, कसला देखणा माणूस आहे!"

"तो तिथे काम करतो का गं?"

"तो कुठेच काम करत नाही बाबा. तो नुसता फोटो आहे."

मग तिने बापाला खुर्चीशेजारी उभं केलं, हातात कात्री दिली आणि फोटो काढला. फोटो हुबेहूब आला, आणि तिथेच घोडं अडलं. डोळ्यांखाली पिशव्या, गालावर सुरकुत्या आणि डोक्यावर एकही केस नाही. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड टकलावर असा पडला होता की, आधी ते दिसायचं आणि मग काका.

"टकल्या माणसाकडे केस कापायला कोण येणार?" काकू म्हणाल्या. "जरा दुरुस्त करा."

इथून बिघडायला सुरुवात झाली. कारण दुरुस्त म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं होतं.

लेकीने फोटो काळापांढरा केला, अर्धा चेहरा अंधारात घातला आणि उरलेल्या अर्ध्यावर अशी काही खोल सावली आणली की, काका साऱ्या जगाचं दुःख बघून आल्यासारखे दिसू लागले. टक्कल अंधारात गेलंच. "कसं झालंय, बाबा?" "छान झालंय गं," काका म्हणाले.

मेहुण्याने फोटो मागवून घेऊन आपल्या फोनवर सुरकुत्या पुसल्या, गाल गुळगुळीत केले, डोक्यावर रंगीत टोपी आणि डोळ्यांवर गॉगल चढवला. मागे समुद्रही घातला. "भाऊजी, कॉलेजातले दिसताय! गोदामावर यायचंच आहे, पण जाता जाता हौस करून घ्या." "छानच आहे," काका म्हणाले.

काकूंना फोनमधलं काही कळत नसे. त्या सरळ कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "लग्नात होते तसे केस बसवून द्या." त्याने दाट, कुरळे, कपाळावर झुपका आलेले केस बसवून दिले. तो फोटो काकू बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग काकांना दाखवताना उगाचच चिडल्या. "बघा, असे होता!" काकांना भरून आलं. "फार छान आहे," ते म्हणाले, आणि हे मात्र मनापासून म्हणाले.

तिघांनीही आपापला फोटो बोर्डवाल्याला परस्पर पाठवून दिला. बोर्डवाला गावात नवा होता. त्याने काकांना कधी पाहिलंच नव्हतं. त्याने फोन केला तेव्हा काका एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची दाढी करत होते.

"काका, तिघांचे फोटो मिळाले. मोठा कुणाचा घेऊ?"

"कुणाचाच मोठा नको हो, तिघांनाही सारखंच धरा. एकाला डावललं तर घरात महाभारत होईल."

"कळलं, कळलं. आमच्याकडेही असंच आहे," बोर्डवाला म्हणाला. पुढे तो बरंच काही विचारणार होता, पण काकांच्या खांद्यावरून घसरून फोन साबणाच्या वाटीत पडला.

दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला. खांद्याला खांदा लावून तिघे उभे होते. डावीकडे अंधारातला दुःखी, मध्ये कुरळ्या केसांचा रुबाबदार, उजवीकडे समुद्रकिनाऱ्यावरचा गॉगलवाला. तिघांच्याही हातात तीच कात्री. खाली ठसठशीत अक्षरं होती, 'तीन बंधू केशकर्तनालय'.

लेक हसून हसून पायरीवर बसली. काकूंनी कपाळाला हात लावला. "आत्ताच्या आत्ता उतरवायला सांगा तो. लोक तोंडात शेण घालतील!"

काका फोन लावणार, तेवढ्यात एक अनोळखी तरुण आत आला आणि सगळीकडे बघत म्हणाला, "मधले कुठे आहेत?"

"मधले?"

"कुरळ्या केसांचे. केस राखायचं ज्ञान असणार त्यांना. मला त्यांच्याकडूनच कापायचेत."

आता खरं सांगायचं म्हणजे त्या भल्या माणसाचा हिरमोड करायचा. काकांची जीभ वळली नाही. "ते जरा बाहेर गेलेत," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "पण मला त्यांनीच तयार केलंय. अगदी त्यांच्यासारखे कापतो."

तरुणाने काकांच्या टकलाकडे एकदा संशयाने पाहिलं आणि बसला. काकांनी बोर्डावरच्या मधल्याला मनात आणलं. तो कसा उभा राहील, कसा बोलेल? नकळत त्यांची पाठ ताठ झाली, मान तिरकी झाली आणि लग्नानंतर बंद पडलेली शीळ तोंडातून बाहेर आली. आतल्या दारातून काकूंनी डोकावून बघितलं आणि चहा टाकायला गेल्या.

मग लोक येतच राहिले. शांत स्वभावाची माणसं "मोठ्यांकडे", म्हणजे डावीकडच्या दुःखी भावाकडे, म्हणून यायची. त्यांचे केस काका अवाक्षर न बोलता, मधूनच एक सुस्कारा सोडत कापायचे. कॉलेजची पोरं "गॉगलवाल्याकडे" यायची. त्यांच्यासाठी काका लेकीच्या फोनवर बघून नवे कट शिकले, आणि गंमत म्हणजे ते त्यांना जमायला लागले. नेहमीची म्हातारी गिऱ्हाइकं भिंतीकडच्या बाकावर बसून सगळं बघायची आणि शपथ घातल्यासारखी गप्प राहायची. त्यातला एकजण तर मुद्दाम विचारायचा, "काय हो, आज मधल्यांचा मूड कसा आहे?"

मांजराला आता बसायला जागा राहिली नव्हती. पण एक तारीख जवळ येत होती आणि काकांचं 'बघतो' मेहुण्याकडे जमा होतं. "बाबा, त्यांना सांगून टाका ना, येत नाही म्हणून," लेक रोज म्हणायची. काका रोज फोन हातात घ्यायचे, दोनदा खाकरायचे आणि फोन खाली ठेवायचे.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी समोरच्या काचेच्या सलूनचा मालक रस्ता ओलांडून आला. काकांच्या हातातला कंगवाच गळाला. तो मात्र निमूटपणे खुर्चीत बसला. चेहरा पार उतरलेला होता.

"कुणाकडून कापायचेत?" काकांनी सवयीने विचारलं.

"कापायचे नाहीत. एक विचारायचंय. आम्ही दोघं सख्खे भाऊ. एवढं झकपक दुकान आहे, पण एकमेकांशी बोलत नाही. आरसा कुणाचा, पंखा कुणाचा, रोज तमाशा. आणि तुम्ही तिघं एवढ्याशा खोलीत! भांडणाचा आवाज एकदाही आला नाही. कसं जमवता हो?"

बाकावरची म्हातारी मंडळी पुढे सरकून बसली. काकांनी कंगवा उचलला, पुसला. या माणसाची धास्ती घेऊन त्यांनी कितीतरी दुपारी मोकळ्या खुर्चीकडे बघत काढल्या होत्या. आता त्याचं तोंड बघून त्यांना वाईट वाटत होतं. त्याला खोटं सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "आमच्यातले तिघंही कामावर येत नाहीत. म्हणून पटतं."

"मग एवढं सगळं काम कोण करतं?"

"ज्याचा फोटो बोर्डावर नाही, तो."

मालकाने आधी काकांकडे, मग दारातून वाकून बोर्डाकडे, मग पुन्हा काकांच्या टकलाकडे पाहिलं. एकदा कात्रीकडे पाहिलं. आणि मग तो असा काही हसत सुटला की, बाकावरच्यांनीही इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू सोडून दिलं. जाताना डोळे पुसत म्हणाला, "भावाला घेऊन येतो उद्या. दाखवायलाच हवं त्याला."

तो गेला आणि फोन वाजला. मेहुणा होता.

"भाऊजी, खुर्ची आणून ठेवलीय हं दारात. उद्या सकाळी येताय ना?"

काका खाकरले. काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लेकीने हातातला ब्रश खाली ठेवला. काकांनी सवयीने 'बघतो'साठी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर समोरच्या आरशात गेली. समोरच्या सलूनच्या काचेत पडलेलं बोर्डाचं प्रतिबिंब आरशात दिसत होतं. मधला कुरळ्या केसांतून त्यांच्याकडे रोखून बघत होता.

त्यांची पाठ ताठ झाली.

"अहो, काय झालं," काका म्हणाले, "मी यायला तयारच होतो. पण मधल्यांना विचारलं. ते नाही म्हणतायत."

पलीकडे मेहुणा 'कोण मधले? कोण मधले?' विचारत राहिला. अलीकडे काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या, आणि आतून ओरडल्या, "मधल्यांना म्हणावं, जेवायला या!"