दोनदा घातलेले प्रथिन

दिनांक सतरा, मंगळवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, जीवरसायन विभागाच्या दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत एक नवरा आणि त्याची बायको परस्परांशी चकार शब्द न बोलता कामाला लागले. भांडणाचे मूळ चहात होते. सकाळी त्यात दोघांनीही साखर घातली होती.

"घातलीस तर सांगायचं ना!" तो म्हणाला होता.

"घालण्याआधी विचारायचं!" ती म्हणाली होती. तेव्हापासून अबोला.

आजचा प्रयोग तिच्या प्रबंधातला अखेरचा, आणि प्रबंध उद्या द्यायचा होता. तीन महिने खपून तिने एक प्रथिन शुद्ध केले होते. ते डीएनएच्या एका तुकड्याला धरते, एवढेच दाखवायचे होते. रीत सरळ होती. जेलीच्या थरातून विजेच्या ओढीने डीएनए धावतो. प्रथिनाने त्याला धरले असेल, तर तो मागे रेंगाळतो.

डीएनएच्या पाच नळ्या मांडल्या होत्या. पहिली तशीच ठेवून उरलेल्या चारींत प्रथिन घालायचे. तिने ते घातले. पण वहीत खूण केली नाही, कारण वही वाचणार तो! मग डोळे पुसत ती बाहेर गेली. त्याने वही पाहिली, तिची पाठमोरी आकृती पाहिली. 'बिचारी, रागाच्या भरात विसरली,' असे म्हणून त्याने चारी नळ्यांत हलक्या हाताने प्रथिन घातले. उपकार दाखवायचे नाहीत, म्हणून खूण त्यानेही केली नाही.

पाचही नळ्यांतला डीएनए जेलीत आपापल्या रांगेत सोडला, आणि दोन तासांनी छायाचित्र निघाले. पहिल्या रांगेतला डीएनए शहाण्यासारखा तळाशी पोचला होता. उरलेल्या चारी रांगांतला जेलीच्या उंबरठ्यावरच ठाण मांडून बसला होता.

मार्गदर्शक बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "एवढं प्रथिन? घातलं कोणी?"

"मी," दोघे एकदम म्हणाले, आणि सकाळपासून प्रथमच एकमेकांकडे पाहू लागले.

"तू कशाला?"

"मला वाटलं, विसरलीस. तुझे तीन महिने वाया जातील म्हणून..."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. डोळे मात्र पुन्हा भरले. "संपलं रे सगळं. कुपी रिकामी आहे."

तो चुळबुळला. "फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक कुपी आहे. माझ्या डब्यात लपवलेली. तुझा हात सढळ, म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस!"

"साखरेचंही अगदी असंच केलंस!" ती म्हणाली, आणि बाईंना सकाळची सारी हकीकत ऐकावी लागली.

दुसऱ्या खेपेस त्याने प्रत्येक नळीपाशी मोठ्याने विचारले, तिने मोठ्याने सांगितले, आणि वहीत खुणा दोघांच्याही पडल्या. पाच वाजता नवे छायाचित्र आले. चारी रांगांत, बरोबर मध्यावर, एकेक स्वच्छ पट्टा रेंगाळला होता.

बाईंनी ते उजेडात धरून बराच वेळ पाहिले.

"धरतं," त्या म्हणाल्या. "चहा मात्र मी करते."