दोन पिवळी भांडी

दाढ काढून आलेल्या बायकोचे बोलणे कसे ओळखावे, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. आणि कंपाउंडरना त्या दुपारी नेमकी तीच विद्या हवी होती.

सगळा जन्म दवाखान्यात औषधे मिसळण्यात घालवून ते निवृत्त झाले होते, तरी गल्लीत सगळे त्यांना अजून कंपाउंडरच म्हणत. आता घरात मिसळामिसळ बायको करायची. तीन जातींची मेणे ठरावीक प्रमाणात एकत्र करून ती काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या ओतायची. आजवर त्या नात्यागोत्यात भेट म्हणून जात. पण चौकातल्या हॉटेलाने नव्या दालनासाठी चाळीस मेणबत्त्या चक्क विकत मागितल्या होत्या. संध्याकाळी दालन उघडायचे होते, पाचला मॅनेजरबाई माल न्यायला येणार होत्या, आणि सकाळी दाढेने दगा दिला.

बायको पलंगावर बसली होती. एक गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा, ओठ बधिर. लिहून द्यावे, तर चष्मा दंतवैद्याकडेच राहिलेला.

"होयाचं हीन," ती म्हणाली.

"कोण हीन?"

तिने तीन बोटे दाखवली.

"हां, सोयाबीनचं मेण तीन भाग. पुढे?"

"हाधं एक."

"अर्धं की एक? नक्की सांग."

"हाधं! हाधं!"

"साधं! साधं पांढरं मेण एक भाग. झालं?"

"आणि हिवळं."

"हिरवं?"

"हिवळं!"

"अगं, हिरवं मेण आपल्या घरात नाहीच."

तिने कपाळावर हात मारून घेतला. त्याचा हादरा दाढेपर्यंत पोचला आणि ती कळवळली. मग तिने खिडकीच्या पडद्याकडे बोट केले. पडदा पिवळा होता खरा, पण त्यावर वेल होती.

"बघ, म्हणजे हिरवंच," कंपाउंडर म्हणाले.

शेवटी तिने त्यांच्या दातांकडे बोट दाखवले.

"पिवळं! मधमाशीचं मेण!" कंपाउंडरना एवढा आनंद झाला की अपमान लक्षातच आला नाही. "कुठे आहे?"

"हेगडीवर. हगळं घाल."

"शेगडीवर वितळत ठेवलंयस. सगळं घालायचं. पड तू, मी बघतो."

गोळीचा अंमल चढून ती पाच मिनिटांत घोरू लागली.

कंपाउंडर स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. शेगडी दोन चुलींची. दोन्हींवर गरम पाण्याची पातेली, दोन्ही पातेल्यांत स्टीलचे एकेक भांडे, आणि दोन्ही भांड्यांत पिवळे, दाटसर, संथ काहीतरी. बायकोला उठवावे तर ती आत्ताच झोपलेली. त्यांनी डोके लढवले. एका भांड्याचा वास घेतला. फारसा आला नाही. दुसऱ्याचा घेतला, घमघमीत मध!

"मधमाशी म्हणजे मध," असे स्वतःशी म्हणून त्यांनी ते दुसरे भांडे उचलले.

सोयाबीनचे आणि साधे मेण त्यांनी तोळामासा मोजून वितळवले. त्यात पिवळे ओतले आणि ढवळले. ते मिसळेना. पिवळ्याचे गोळे झाले आणि सरळ तळाशी जाऊन बसले. पुन्हा ढवळले, पुन्हा बसले. अशी औषधे कंपाउंडरनी पुष्कळ पाहिली होती. त्यांच्या बाटल्यांवर 'घेण्यापूर्वी चांगले हलवा' अशी चिठ्ठी लावली की काम भागत असे. मेणबत्तीवर तसे कसे लिहिणार? मग ते दर पळीला तळापासून ढवळून, घाईघाईने वात लावलेला एकेक पेला भरू लागले.

विसावा पेला भरत असताना सून आत आली. पुढच्या खोलीत तिचे ब्यूटी पार्लर होते.

"बाबा, मॅनेजरबाई आल्यासुद्धा. म्हणतात, मेणबत्त्या व्हायच्यात तोवर पायांचं वॅक्सिंग करून दे. हे राहिलेलं माझंच ना?"

"मला हवं होतं ते मी घेतलं," कंपाउंडर मान वर न करता म्हणाले.

सून उरलेले भांडे घेऊन गेली.

पार्लरमध्ये मॅनेजरबाई पाय पसरून बसल्या. संध्याकाळी त्यांना गुडघ्यापर्यंतचा नवा झगा घालायचा होता. सुनेने फुंकून फुंकून एका पायाला गुडघ्यापर्यंत पिवळा लेप दिला, वर एका जागी कापडाची पट्टी दाबली, आणि सवयीने म्हणाली, "श्वास रोखा हं."

फर्रकन पट्टी निघाली. मॅनेजरबाईंनी मिटलेले डोळे उघडले.

"झालं? अगं, काहीच दुखलं नाही! इतकी वर्षं मी उगाच दुसऱ्या पार्लरात बोंबलत होते की गं!"

सूनही चकित झाली. तिने पट्टी पाहिली. पट्टीवर मेणाची स्वच्छ, गुळगुळीत वडी होती. मग पट्टीखालचा पाय पाहिला. सगळे केस जागच्या जागी होते. उलट न्हाऊन-माखून चकाकत होते.

"एक मिनिट हं," म्हणून ती स्वयंपाकघराकडे धावली.

"बाबा! माझं वॅक्स कुठंय?"

"वॅक्स म्हणजे मेणच ना?"

"नाही हो! त्यात मेणाचा कणसुद्धा नसतो. साखर, लिंबू आणि मध असतं!"

कंपाउंडरच्या हातातली पळी तशीच राहिली. "मग त्याला वॅक्स का म्हणता?"

एवढ्यात मॅनेजरबाई एका पायाला मेणाचा मोजा चढल्यासारख्या खुरडत आत आल्या. "अगं, हे वाळून कडक झालं. गुडघा वाकेना!"

आणि त्यांचे लक्ष ओट्याकडे गेले. चाळीस पेले ओळीने मांडलेले. प्रत्येकात खाली सोनेरी थर आणि वर दुधासारखा पांढरा. खिडकीतून येणाऱ्या उन्हात सोनेरी थर चमकत होता.

"हे... मी तर साध्या एकरंगी सांगितल्या होत्या," मॅनेजरबाई म्हणाल्या.

कंपाउंडरनी सुनेकडे पाहिले, सुनेने पायाकडे.

"दोन थर कसे काय केलेत हो?"

"होतात आपोआप," कंपाउंडर अगदी खरे बोलले.

"सुरेख दिसतायत! वरचं घट्ट झालं की गाडीत ठेवा. आणि तू गं, पायाचं राहू दे. आज मी पॅन्टच घालीन. पण पुढच्या वेळी हेच लाव, दुखत नाही."

संध्याकाळी बायको जागी झाली. ओठ पूर्ववत झाले होते. मोकळी पातेली पाहून तिने विचारले, "झालं ना सगळं नीट?" कंपाउंडरनी काही लपवले नाही, वासापासून मोज्यापर्यंत सगळे सांगितले. ऐकून ती उठली आणि भांडी आदळत घासू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. बायकोने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अहो, काय झालं माहितीय का?" मॅनेजरबाई म्हणाल्या. "मेणबत्त्या दोन तास झकास जळल्या. आणि दहाच्या ठोक्याला पटापट विझल्या. चाळीसच्या चाळीस!"

बायकोने डोळे मिटले. कंपाउंडर खुर्चीत खाली सरकले.

"बंद करायची वेळ झाली तरी लोक उठत नाहीत हो आमच्याकडे. त्यांना 'आता जा' म्हणायचं तरी कसं? काल मेणबत्त्या विझल्या आणि लोक आपणहून उठून गेले. मालक जाम खूश आहेत. तश्शाच शंभर हव्यात. आणि वेळ मात्र हीच हं!"

फोन ठेवला.

"वर मेण आहे," बायको हळूहळू म्हणाली.

"हो."

"आणि खाली?"

"साखर."

"साखर जळत नाही."

"नाही. ज्योत तिथपर्यंत पोचली की विझते."

बायकोने वही ओढली, पेन्सिलीला टोक काढले आणि सुनेकडे वळली. "किती साखर गं?"

"दोन वाट्या. अर्धी वाटी मध आणि एक लिंबू."

"लिंबू कशाला? मेणबत्तीला काय करायचंय लिंबू?" कंपाउंडरनी मध्येच विचारले.

सासू-सुनेने एकदमच मान वळवून त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की कंपाउंडर पिशवी घेऊन मुकाट्याने लिंबे आणायला निघाले.