तहकूब सभेचे इस्माईलभाई

इस्माईलभाईंना दुसरा कप चहा हवा असला, तर ते तो मागत नाहीत; मांडतात. रिकामा कप बशीत ठेवायचा, घसा खाकरायचा आणि आमच्या ओटीवर बसल्या बसल्या म्हणायचं, "सूचना अशी की, आणखी अर्धा कप चहा व्हावा. अनुमोदक?" मग घरातल्या कोणीतरी "अनुमोदन" म्हणायचं असतं. तोवर ते कपाला हात लावत नाहीत. एकदा आमच्या ह्यांनी गंमत म्हणून तोंड मिटून घेतलं. इस्माईलभाई बराच वेळ वाट बघत बसले, मग उठले, "सूचना अनुमोदनाअभावी पडली" म्हणाले आणि चपला घालून घरी गेले. रागावून नव्हे हं, अगदी शिस्तीत गेले. मी मात्र त्या दिवशी ह्यांनाही चहा दिला नाही.

त्यांचं सगळंच असं सभागृहात चालल्यासारखं चालतं. भाच्याच्या निकाहात नवऱ्यामुलाने "कबूल" म्हटल्याबरोबर मागून इस्माईलभाईंचा खणखणीत आवाज आला, "सर्वानुमते मंजूर! पुढचा विषय." पुढचा विषय जेवणाचा होता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढायला लागेल म्हणून सांगितलं, तर आ वासलेल्या तोंडानेच त्यांनी विरोध नोंदवला. दोहाला असलेला मुलगा दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करतो. सून, नातवंडं सगळी एकदम बोलायला लागली की भाई म्हणणार, "एका वेळी एकच सन्माननीय सदस्य." मुलगा प्रत्येक वेळी सांगतो, अब्बा, एकटे कशाला राहता, इकडे या. त्यावर भाईंचं ठरलेलं उत्तर, "पुढच्या सभेत घेऊ."

इस्माईलभाई आमचे शेजारी. दगडी गडग्यापलीकडचं कौलारू घर त्यांचं. उमेदीची वर्षं जहाजावर काढून ते परत आले आणि पुढे दोनदा नगरसेवक झाले. आमचं शहर खाडीकाठचं, लहानसं. रत्नागिरीवाले त्याला गाव म्हणतात. आम्ही ते खपवून घेत नाही, कारण गावाला ग्रामपंचायत असते आणि आम्हाला नगरपालिका आहे.

म्हणजे होती. मधे मुदत संपली, निवडणूक काही लागेना, आणि मुख्याधिकारी साहेबच प्रशासक झाले. इमारत आहे, घरपट्टी आहे, नगरसेवक तेवढे नाहीत. कोणाचं काही अडलं नाही. गटारं पूर्वीइतकीच तुंबली. लोकांनी मान डोलावली आणि आपापल्या कामाला लागले. इस्माईलभाईंनी मात्र मान डोलावली नाही.

त्याला कारण शेवटची सर्वसाधारण सभा. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसून ती पाहिली आहे. विषय भराभर मंजूर होत होते. स्वागत कमान रंगवणे, मंजूर. बागेतलं कारंजं दुरुस्त करणे, मंजूर. सगळ्यात शेवटी इस्माईलभाईंचा विषय होता, मच्छी मार्केटात विक्रेत्या महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे. ते बोलायला उभे राहिले आणि नेमका तेव्हाच बाहेर बटाटेवड्यांचा घाणा निघाला. वास आत आला आणि सन्माननीय सदस्य एकेक करून बाहेर गेले. अध्यक्षांनी उरलेली डोकी मोजली, "गणपूर्ती नाही, सभा तहकूब" म्हणाले आणि तेही वड्यांकडे वळले. इस्माईलभाई तसेच उभे होते. शिपायाने पंखे बंद केले तेव्हा कुठे ते खाली बसले.

पुढच्या सभेची तारीख लागायच्या आत मुदत संपली. दुसरा असता तर म्हणाला असता, नशीब. इस्माईलभाई मला म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत व्याकरण शिकवलात. सभा विसर्जित झाली काय? नाय. तहकूब झाली. थांबलेली एस.टी. आणि मोडीत काढलेली एस.टी. एक नाय."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते नगरपालिकेच्या पायऱ्यांशी सभा भरवू लागले. घरून प्लॅस्टिकची खुर्ची न्यायची. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी. अकराच्या ठोक्याला उभं राहून जाहीर करायचं, "मागील तहकूब सभा पुढे चालू." मग आपला विषय वाचायचा, त्यावर आपणच बोलायचं, सूचक म्हणून आपलंच नाव सांगायचं आणि अनुमोदनासाठी इकडेतिकडे बघायचं. घरपट्टी भरायला आलेली माणसं खुर्चीला वळसा घालून हसत आत जायची. कोणी खवचटपणे गणपूर्तीचं विचारलं, की भाई तयारच, "तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाय. नियम वाचा!" मी काही नियम वाचलेला नाही. साहेबांनी वाचला असावा, कारण त्या मुद्द्यावर ते कधी बोलले नाहीत.

साहेब घाटावरचे, तरुण, बोलायला मऊ. एकदा स्वतः पायऱ्या उतरून आले. म्हणाले, "काका, कौन्सिलच नाही तर सभा कसली? ऊन लागेल. घरी जा."

"सन्माननीय प्रशासकांनी खाली बसून बोलावं," इस्माईलभाई म्हणाले. "सभेत अध्यक्षांच्या परवानगीशिवाय उभं राहता येत नाही."

साहेबांना बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ते परत वर गेले.

मीही हसले आहे त्यांना, खोटं कशाला सांगू? त्यांची बायको, मरियमभाभी, त्याच मार्केटात बसायची. भाई दर्यावर असताना मासळी विकून तिनेच मुलाला वाढवलं आणि नवरा नगरसेवक झाल्यावरही तिने पाटी सोडली नाही. शेवटच्या सभेच्या आधी काही महिने ती गेली. तिच्यासाठी हे चाललंय एवढं मला कळत होतं. पण बायकोच्या नावाने लोक बाक ठेवतात, शाळेला पंखे देतात. ह्या माणसाला संडासच कसा सुचला, हे कळत नव्हतं. एकदा तोंडावर विचारलंही. "प्रश्न विषयपत्रिकेबाहेरचा आहे," असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

गरज होती, ह्यात शंकाच नाही. मार्केटातल्या बायका पहाटे जेटीवर लिलावाला जातात आणि दुपार उलटल्यावर घरी परततात. मधल्या वेळात त्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न आमच्या शहराला पडलाच नव्हता. पुरुषांचं काय, त्यांना भिंत आहे.

मग गेल्या वर्षी एका सोमवारी इस्माईलभाईंची खुर्ची पायऱ्यांशी दिसली नाही. मला वाटलं, दमले. मासळी घ्यायला गेले तर खुर्ची मच्छी मार्केटात, मधल्या वाटेवर. भाई उभे, आणि भोवती कोयत्या बाजूला ठेवून बायका बसलेल्या.

"सभेचं ठिकाण बदलण्यात आलं हाय," ते म्हणाले. "ठराव असा की, मच्छी मार्केटात स्वच्छतागृह होईपर्यंत नगरपालिकेचं स्वच्छतागृह हेच मच्छी मार्केटचं स्वच्छतागृह समजण्यात यावं. सूचक मी. अनुमोदक?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुगंधा म्हणून एक आहे, मरियमभाभीच्या शेजारी बसायची ती. तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "अनुमोदन म्हंजे काय वो करायचा?"

"माझ्या मागनं चालायचं."

"मग दिला!" असं म्हणून सुगंधा उठलीच.

नगरपालिका मार्केटच्या वरच्या चढावर, हाकेच्या अंतरावर. बायका आळीपाळीने निघाल्या. मासळी मागे ठेवली तर कावळ्यामांजरांची धन, म्हणून पाट्या डोक्यावर घेऊनच. बांगडे, मांदेली, कोलंबी आणि सुगंधाची सुकट, अशी मिरवणूक जिना चढून पहिल्या मजल्यावर गेली. स्वच्छतागृह साहेबांच्या केबिनला लागून. पाट्या केबिनच्या दाराशी ओळीने मांडून बायका रांगेत उभ्या राहिल्या. साहेब शाकाहारी.

दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी मार्केटातली मांजरंसुद्धा त्यांच्या मागून जिना चढली. दोन वसुली विभागात राहिलीच. शिपाई सांगत होता, लोक मांजर बघून घरपट्टी भरायचं विसरतात. खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या; सुकटीपुढे उदबत्ती काय करणार? शेवटी साहेबांनी स्वच्छतागृहाला कुलूप घातलं. बायका कुलपासमोर बसल्या. इस्माईलभाईंनी खुर्ची मागवून घेतली.

मी तिथे होते. साहेबांचा मऊपणा त्या दिवशी संपला होता. "सरकारी कामात अडथळा आणल्याची तक्रार करीन. तुमच्यावर आणि ह्या सगळ्या बायकांवर. कोर्टात फेऱ्या मारायला लागतील, समजलं?"

बायका चपापल्या. हातावर पोट असलेल्या बायका त्या, कोर्टात गेलेला दिवस त्यांना परवडणारा नव्हता. दोघीतिघींनी पाट्या उचलल्यासुद्धा. इस्माईलभाईंचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना माणसं मिळाली होती आणि तीही उठून चालली होती. ते खुर्चीवरून उठले.

"करा तक्रार," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पण नीट लिहा, साहेब. अडथळा काय आणला, ते कारण लिहा. लिहा, बाई लघवीला आली. खाली सही करा आणि तो कागद बाहेरच्या फलकावर लावा. तुमच्या आईनं वाचला तरी चालेल असा लिहा."

मी निवृत्त मुख्याध्यापिका. माझ्याकडे शिकलेली दोन माणसं त्या कचेरीत नोकरीला आहेत, आणि ती दारातून बघत होती. मला गरज नव्हती, तरी मी पदर सावरला आणि सुगंधाच्या मागे जाऊन रांगेत उभी राहिले. "माझंही नाव घाला त्या तक्रारीत," मी साहेबांना सांगितलं. उचललेल्या पाट्या पुन्हा खाली ठेवल्या गेल्या.

साहेबांनी कुलूप काढलं. मनाने वाईट नव्हता तो मुलगा, हेही सांगायला हवं. इतके दिवस स्वच्छतागृहाच्या ज्या फायलीत त्रुटी निघत होत्या, ती फाईल आठवड्यात हलली. मार्केटच्या मागच्या अंगाला जांभ्या दगडाच्या भिंती उभ्या राहिल्या, फरशा लागल्या, दारांना आतून कड्या लागल्या. कड्या लागल्या का, हे सुगंधाने स्वतः जाऊन पाहिलं.

उद्घाटनाला नगरसेवक नाहीत म्हणून फीत साहेबांनीच कापली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. साहेबांनी भाषणात "ज्येष्ठ नागरिक इस्माईलभाई" असा उल्लेख केला आणि इकडेतिकडे पाहिलं, तर भाई नव्हतेच. माझा जीव खालीवर झाला. ह्या माणसाने असा क्षण सोडावा?

ते सापडले मार्केटात. एका हातात पाण्याचा स्टीलचा जग, दुसऱ्या हातात पेला. एका पाटीकडून दुसऱ्या पाटीकडे जात होते आणि बायका नको नको म्हणून माना हलवत होत्या.

"कोण पीत नाय बाई," मला बघून ते म्हणाले. "बांधून झाला, तरी पाणी पीत नाय. सवयच नाय हो त्यांना."

"कसली सवय?" मी विचारलं.

"मरियम पहाटे घरातनं निघायची ती परत येईपर्यंत थेंब तोंडात घ्यायची नाय. मग जायला लागेल ना? सगळा जन्म असा काढलान. किडन्या सुकल्या. रत्नागिरीला मशीनवर होती, तेव्हा डॉक्टरनं विचारलान, तुम्ही पाणी का पीत नव्हतात? तर काय बोलली नाय. माझ्याकडे बघून हसली." भाईंनी पेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "मी नगरसेवक होतो बाई तेव्हा. बागेतला कारंजा पहिल्यांदा बांधला, त्या ठरावाला अनुमोदन माझा होता. तिनं एकदा विचारलान मला, आमच्यासाठी कायतरी बांधा की हो. मी तिला काय बोललो माहीत हाय? विषयपत्रिकेवर नाय, असा बोललो. माझ्या बायकोला. माझ्याच घरात, जेवताना."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला चहा पाजला, अनुमोदन दिलं, पाठीमागे हसले, आणि तो रोज रात्री काय घेऊन झोपत होता हे मला ठाऊक नव्हतं. माझे डोळे भरून आले.

ते सुगंधापुढे जाऊन उभे राहिले. "पी गो."

"तहान नाय वो भाई."

"नसूदे. पी."

सुगंधाने त्यांच्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे, फटकळपणा कुठल्या कुठे गेला. मासळीचे हात तिने लुगड्याला पुसले, पेला घेतला आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर, सावकाश तळापर्यंत प्याली. भाई तिच्या गळ्याकडे बघत उभे होते. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो परत घेतला आणि पुढच्या पाटीकडे वळले.

पेला भरताना त्यांचं लक्ष पुढच्या बाईच्या तोंडाकडे होतं, अर्धं पाणी पाटीतल्या बांगड्यांवर सांडत होतं, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या हातातला जग काढून घेतला.

"पेला तुम्ही धरा, भाई," मी म्हटलं. "ओतते मी."